कोपऱ्यातला लाल मजकूर

सोमवार, ४ मार्च

साहेबांचं नवीन फर्मान! फोन घेणाऱ्या प्रत्येकीच्या कॉम्प्युटरवर, डेस्कटॉपच्या मागच्या चित्रावरच, उजव्या कोपऱ्यात मजकूर हवा — नाव, आणि त्याखाली काल किती ग्राहकांचे फोन मध्येच तोडले तो आकडा. पाचाच्या वर गेला की लाल अक्षरं. "आणि कोणालाही पुसता येता कामा नये. जमेल ना?"

जमेल ना म्हणे! दुपारपर्यंत करून दिलं. रोज सकाळी मशीन सुरू झालं की नवा आकडा आपोआप उमटणार. अक्षरं ठसठशीत, लांबून वाचता येतील अशी. कॉम्प्युटर सांभाळायला अख्ख्या ऑफिसात मी एकटी, पण कौतुकाचा एक शब्द नाही. वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकणाऱ्या बायकांना मात्र दर महिन्याला टाळ्या.

मंगळवार, ५ मार्च

लाल फक्त एकच. ताई!

माझी सख्खी मोठी बहीण. सगळ्यांदेखत माझ्या टेबलाशी आली. "हे तू केलंस?"

"साहेबांनी सांगितलं."

"साहेबांनी विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील?"

मी नाही, तुला ढकलेन! असं ओठांवर आलं होतं. गिळलं. चूक तिचीच आहे. कोणी शिवी दिली की ही फोन ठेवून देते. बाकीच्या ऐकून घेतातच ना? हीच काय सोन्याची लागून गेलीये?

घरी एक शब्द नाही. भांडी मात्र जोरजोरात आपटली. घर तिचं, भांडी तिची. माझा संसार मोडल्यावर इथे राहायला आले, तेव्हापासून या घरात आवाज करायचा हक्क तिचाच.

बुधवार, ६ मार्च

एकेकीची डोकी बघा! सगळे आयकॉन ओढून उजव्या कोपऱ्यात रचले, मजकूर झाकायला. साहेब लालबुंद. मी आयकॉन जागच्या जागी बांधून टाकले. मग एकीने पडद्यावर कागद चिकटवला. तोही मलाच काढायला लावला.

आता मला नाव पडलंय — रंगारीण. "हळू बोला गं, रंगारीण आली." म्हणा! माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत.

सोमवार, ११ मार्च

साहेबांना नुसता आकडा पुरेना. लाल नावाखाली एक वाक्य हवं म्हणाले. स्वतः लिहून आणलं होतं — "आपल्याकडून होत असलेल्या वर्तनामुळे कंपनीच्या प्रतिमेस बाधा" वगैरे. वाचता वाचता जांभई येईल. मी म्हटलं, एवढं कोण वाचणार? खोडलं आणि लिहिलं: "काल तुम्ही इतक्यांच्या तोंडावर दार लावलंत. आज कोणाच्या?"

"वा!" म्हणाले. पहिल्यांदाच! घरी येताना पाय हलके होते. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १२ मार्च

ताईने ते वाक्य उभं राहून मोठ्याने वाचलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग खाली बसून हेडफोन लावला.

घरी जेवताना बोलली. आठवडाभरानंतर! "ते वाक्य साहेबाचं नाही. त्याला चार शब्द धड जोडता येत नाहीत. तुझं आहे ते."

मी भात कालवत राहिले.

"कुठे टोचलं की रक्त येतं, ते तुला लहानपणापासून बरोबर कळतं."

ताट सरकवून उठले. अर्धं तसंच राहिलं. तिने ते झाकूनही ठेवलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

हसरी आजारी. (तिचं नाव हसरी पडलंय, हसताना कोणी पाहिलेली नाही.) तिच्या खुर्चीवर साहेबांनी मला बसवलं. "एक दिवस फोन घ्या, त्यात काय आहे?"

ताईच्या शेजारची खुर्ची.

पहिला बरा होता. दुसऱ्या माणसाच्या मशीनमधून पाणी गळत होतं. मी पत्ता विचारला, आणि त्याने माझ्या आईपासून सुरुवात केली. मग मी. मग मी रात्री काय करत असेन ते. नियम असा की "आपली गैरसोय समजते" म्हणायचं. म्हटलं. तो हसला. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं! तिसऱ्यांदा माझ्या हाताने आपोआप फोन तोडला. कानापर्यंत पेटले होते.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याची बाटली तेवढी माझ्या बाजूला सरकवली.

संध्याकाळपर्यंत माझे सात झाले. उद्या हसरीच्या पडद्यावर माझं नाव आलं असतं, लाल. घरी निघण्याआधी माझ्या टेबलावर जाऊन सातचं शून्य केलं. आणि हात तिथेच होता म्हणून ताईच्या अकराचे तीन.

उपकार म्हणून नाही. का, ते माहीत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मूर्ख! मूर्ख बाई!

सकाळी आपलं नाव काळं दिसल्यावर सरळ साहेबांच्या खोलीत गेली. "माझा आकडा चुकलाय. तीन नाहीत, अकरा आहेत. नीट करा." येताना माझ्याजवळ थांबली. "तुझी मेहेरबानी माझ्या नावाखाली लिहू नकोस."

साहेबांनी मला बोलावलं. आकडा कोणी बदलला? मी म्हणाले, "कोणी तरी माझ्या टेबलावर बसलं असेल."

"कोण?"

"जेवणाच्या सुट्टीत ताई असते तिथे."

एवढंच बोलले. एवढंच पुरलं.

तिला आत बोलावलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "हो. मीच बदलला."

स्वतः बदलला असता तर स्वतःच चूक दाखवायला कशाला आली असती? हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. तिला कामावरून काढलं. दुपारी ती हेडफोन टेबलावर ठेवून निघून गेली. कोणी उठून दारापर्यंत गेलं नाही.

शनिवार, १६ मार्च

ताई घरी आहे. खिडक्या पुसतेय. मी खोलीत आले की ती दुसऱ्या खोलीत.

मी तिला कबूल हो म्हटलं होतं का? नाही! तिलाच मोठेपणा हवा होता. आता जन्मभर माझ्या उरावर बसेल.

रविवार, १७ मार्च

नाही बसणार. तेच वाईट आहे.

सोमवार, १८ मार्च

साहेबांना खरं सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. आकडा मी बदलला, माझाही आणि तिचाही. ताईवर मी ढकललं.

त्यांनी चहाचा घोट घेतला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अहो, तुमच्या ताईंना साधा आयकॉन सरकवायला शेजारणीला हाक मारावी लागते. त्या काय आकडे बदलणार? पण ही बाई मला नकोच होती. फोन तोडते ते तोडते, वर बाकीच्यांनाही शिकवते. तिला काढायला काही तरी हवं होतं. ते तुम्ही हातात आणून दिलंत." मग कागद पुढे केला. "बसा. आता लाल कोणीच नाही, तेव्हा ते वाक्य सगळ्यांसाठीच करू. तुमचा हात चांगला आहे."

मी बसले नाही. सगळ्या मशीनवरून मजकूर काढून टाकला, पिशवी उचलली. "पुन्हा पाऊल टाकू नका इथे!" हे जिना उतरताना ऐकू आलं.

सोमवार, संध्याकाळ

घराबाहेर जिन्यात बसून लिहितेय. दारातच ताईला सगळं सांगितलं, साहेब काय म्हणाले तेही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग दार लावून घेतलं.

कडी घातल्याचा आवाज मात्र अजून आलेला नाही.