उघड्या डोळ्यांचे चार फोटो

पुणे,
१४ नोव्हेंबर २०२४

रामप्रसाददादास,

निलमचा नमस्कार. वहिनी आणि लेकरं बरी असतील. सोयाबीन निघून तूर फुलावर आली असेल. तुझा फिल्मचा रोल परवा मिळाला. आमच्या फोटोलॅबमध्ये मीच धुतला, दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही.

फुलांचे फोटो झकास आलेत. झेंडूवर फ्लॅश थेट न मारता पांढऱ्या कापडातून मारलास, ते लगेच कळलं. फ्लॅशचा उजेड मोजायच्या मीटरचे आकडेही चिठ्ठीत बराबर लिहिलेस.

पण याडीच्या चार फोटोंनी माझी झोप उडवली.

चारही फ्लॅशवर काढलेले आणि चारही फोटोंत तिचे डोळे टक्क उघडे. आपल्या आईचे? मीटरवर आकडा बघायला आपण आधी एकदा फ्लॅश उडवतो. त्या पहिल्या उजेडालाच ती दचकायची आणि खऱ्या फोटोला डोळे गच्च मिटून बसायची. "काहून विजा पाडून राहिला रे माझ्या तोंडावर?" म्हणायची. माझ्या लग्नातल्या एकाही फोटोत तिचे डोळे उघडे नाहीत. किती चिडवलं होतं आपण तिला!

आधी वाटलं, मीटर न लावता अंदाजानेच काढले असशील. पण आकडे तर चिठ्ठीत आहेत. मग भिंग लावून पाहिलं. दोन्ही बाहुल्यांत फ्लॅशचा ठिपका आहे, नजर मात्र कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी. आणि हातातलं झेंडूचं फूल अर्धं सुकलेलं. देवापुढे शिळं फूल ठेवलं म्हणून मला फटका देणारी बाई ती!

फोनवर विचारलं, तर तू म्हणालास, "डोळ्याला काय झालंय तिच्या? मस्त हाय." इतक्या घाईने म्हणालास की माझा संशय पक्का झाला. तिला फोन दे म्हटलं, तर शेजारी गेलीय. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा शेजारीच? दादा, तुला खोटं बोलता येत नाही.

रागातच हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण आता राग तुझ्यावर टिकत नाही. होळीला आले होते तेव्हा याडीने सुई पुढे केली, "दोरा ओवून दे गं, भोक गावंना झालंय." मी ओवून दिला, नवा चष्मा करू म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. निघताना तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, बराच वेळ. लाडाने फिरवते, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं.

निलमला सांगू नको, अशी शपथ तिने तुला घातली असणार. मग हा रोल मलाच का पाठवलास? हिंगोलीहून तो कुठेही धुवायला देता आला असता. तू मला फसवत नव्हतास ना दादा? शपथ न मोडता सांगत होतास.

शनिवारी येते. नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. जेवढी नजर वाचेल तेवढी वाचवू. याडीला आधी काही बोलू नकोस.

दारात गुपचूप उभं राहावं, ती ओळखते का पाहावं, असं मनात आलं होतं. पण तेवढा धीर मला नाही. मी तांड्याच्या वाटेवरूनच हाक मारीन, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तुझी,
बघूनही न बघितल्यासारखं केलेली,
निलम