दगडाखाली काही नव्हतं

नान्तवेन,
गुरुवार, १६ मे १९९१

प्रिय ग्विलिम,

चार मैलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायला बसले आहे. बहिणीचं डोकं फिरलं म्हणशील, म्हण. समोर आलो की तू मेंढ्यांचं बोलतोस, मी माशांचं, आणि सांगायचं ते राहून जातं. काल तर तुझ्या अंगणापर्यंत आले होते आणि तुझ्याशी न बोलताच परत फिरले. मला भीती वाटतेय रे. रोज कमरेइतक्या पाण्यात उभी राहणारी मी चौपन्न वर्षांची बाई, आणि दोन रात्री मी दिवा न मालवता काढल्यात.

मंगळवारी बर्मिंगहॅमच्या एका दाताच्या डॉक्टरला चॅपलखालच्या डोहावर गळ टाकायला शिकवत होते. माणूस भला, पण काठी अशी हाणायचा जणू गालिचा झटकतोय. दोर मागे सरळ होऊ द्यायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायचा, हे मी दहादा सांगितलं. याची गळाला बांधलेली पिसांची माशी प्रत्येक वेळी पाण्यावर आपटायची. त्या डोहातले ट्राउट किती चोखंदळ ते तुला ठाऊक आहे. बाबासुद्धा तिथे खाली वाकून, सावली न पडू देता, तितराच्या पिसाची बारीक माशी अलगद टाकायचे. दिवसात दोन मिळाले तरी घरी शीळ घालत यायचे. या गृहस्थाने तासाभरात सात धरले! काळी बांधा, पिवळी बांधा, पडली की झडप. "बाई, तुमचे मासे आज वेडे झालेत!" म्हणत तो हसत होता. सातवा मी हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. डोकं मोठं, अंग सुरीच्या पात्यासारखं. उपाशी होता बिचारा. आणि तेही मे महिन्यात, जेव्हा पाण्यावर इतक्या माश्या उठतात की तोंड उघडायची सोय नसते.

मी वाकून एक दगड उलटला. दगडाखाली माश्यांच्या कोणत्या अळ्या आहेत ते आधी बघावं आणि मग तशी माशी बांधावी, एवढंच तर आपण लहानपणी शिकलो. दगडाखाली काही नव्हतं. घासून ठेवलेल्या ताटलीसारखा लख्ख. दुसरा तसाच, दहावाही तसाच. चाळिसाव्याला मी मोजणं सोडलं. डॉक्टरला म्हटलं, आज पुरे.

काल सकाळी हेविनला बरोबर घेतलं. तो आपल्या मासेमारी संघाचा नदीराखा, आणि शाळेत तुझ्याच बाकावर बसायचा, म्हणून त्यालाच. त्याने एका वाक्यात सांगितलं, "वर वर चालत जायचं. पहिला जिवंत दगड लागेल, त्याच्या जरा खालीच विष उतरलंय." चाललो. प्रिचर्डच्या कुरणाशी आलो तेव्हा, देव क्षमा करो, मी मनात म्हणत होते की त्याचंच निघू दे. त्याचं माझं काही वाकडं नाही, घरात तीन लेकरं आहेत, तरी म्हणत होते. त्याच्या वरचे दगडही मेलेले. पुलाखालचेही. मग वळणावर तुझी पांढरी भिंत दिसली आणि मी तिथेच थांबले. हेविन एकटाच पुढे गेला. तुझ्या मेंढ्या गोचिडांच्या औषधात बुडवायच्या हौदाकडून जो ओहोळ येतो, त्याच्या खालचा दगड कोरा. वीस पावलं वरचा त्याने उलटला आणि आणून माझ्यासमोर धरला. तो अळ्यांनी वळवळत होता. आयुष्यभर असा दगड बघून मला आनंद झालाय. काल मी काठावर बसून रडले.

हेविनने दगड होता तसा परत ठेवला. म्हणाला, "माझा चष्मा हरवलाय, नेस्ता. शुक्रवारी दुपारी सापडेल, आणि मग मला नदीखात्याला कळवावंच लागेल. तोवर त्याला स्वतःहून सांगू दे."

तेच सांगायला मी आले होते. दारात तुझी मेअर भेटली. मी ओहोळाचं नाव काढलं मात्र, तिचा बांध फुटला. "हौदाचं बूच घट्ट लावलंय म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेतो हो, आणि बूच तिथे गवतात पडलेलं! जानेवारीपासून याच्या शर्टाची बटणं मी लावते. हात थरथरतात, झोप नाही, परवा रस्त्यात कुत्र्याचं नाव आठवेना म्हणून रडत उभा होता. कुणाला सांगशील तर घर सोडीन म्हणालाय." तिच्यावर चिडू नकोस. तुमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, तितक्या वर्षांत तिने प्रथमच तुझी चुगली केली आहे. मी गोठ्याच्या दारातून डोकावले. तू पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होतास. मी हाक मारली, दोनदा. तू वळला नाहीस.

आज सकाळी मी डॉक्टर ग्रिफिथ्सबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते औषध किड्यांच्या मज्जातंतूंवर घाव घालतं. माणसाला तरी ते सोडील का? हातमोजे घालतो तो?" मी म्हटलं, आमच्याकडे कोणीच घालत नाही, कोपरापर्यंत हात बुडवून मेंढी धरायची, हीच रीत. त्या म्हणाल्या, "त्याला उद्या साडेनऊला आणा. मन खचलंय म्हणून घरी बसवू नका. आणि एकटं सोडू नका."

नदीचं काय ते होईल. दंड होईल, गावात चार लोक तोंड फिरवतील, उशिरा सांगितलं म्हणून संघ मला काढून टाकील. वरच्या अंगाच्या अळ्या दोन वर्षांत खाली पसरतील. पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. काल मी निघताना मेअरने माझ्या गाडीत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. फक्त तू गोठ्यात का बसला होतास तेवढं सांगितलं. तुझी बंदूक माझ्याकडे आहे, ग्विलिम. काडतुसं मी हेविनकडे दिली आहेत. शोधू नकोस, मेअरला विचारू नकोस, ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. हे पत्र ती संध्याकाळच्या चहाबरोबर तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत शेजारीच बसेल. तिला उठवू नकोस. उद्या आठ वाजता मी फाटकाशी गाडी घेऊन येते. हौदाचं काय सांगायचं ते दुपारी आपण दोघं मिळून सांगू. सकाळी तू फक्त कोट अंगावर घाल. बटणं मी लावीन.

तुझीच,
नेस्ता