दादा ‘जातो’ म्हणाला

ती. आईस,

पाया पडते. मी सुखरूप पोहोचले, दोन घास खाल्लेही, तेव्हा आधी डोळे पूस.

दादाची इमारत सापडली, तो अजून नाही. इथे भरदुपारीही जिन्यात अंधार असतो. फळ्या ठोकून एकेका खोलीच्या चार केल्यात, त्यामुळे कुणाच्या पेटत्या स्टोव्हपासून अंग चोरत पुढे जावं लागतं. दारोदार त्याचा फोटो दाखवला. माणसं वाईट नाहीत गं, पण खालचे म्हणतात वर विचारा, वरचे म्हणतात खाली.

शेवटी अगदी वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी भेटल्या. त्याची खोली त्यांच्या फळीपलीकडेच. काम सुटल्यापासून तो गप्प गप्प असायचा, म्हणाल्या. परवा निघताना “मावशी, जातो” म्हणाला. त्या ओरडल्या, “अरे, येतो म्हणावं!” तो नुसता हसला.

आई, तूही त्याला उंबऱ्यातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावायचीस ना?

त्याच्या अंथरुणाची नीट घडी आहे. त्याने कधी घातली होती गं घडी?

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना इतक्यात काही सांगू नकोस. मी पुन्हा तळमजल्यापासून विचारत सुटते. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस.

येते. आम्ही दोघंही येतो.

तुझी,
धाकटी