व्हरांड्यातला खोकला

६ मार्च २००५
माझ्या राउंडमध्ये नवी वनरक्षक आली. दिव्या मडावी, गोंडपिपरीकडची. रेंजमधली एकुलती एक बाई, बाकी आम्ही सगळे गडी. मला भाऊ म्हणते. रेंजरसाहेबांची नजर सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी वनपाल आहे, तिला त्रास होऊ देणार नाही.

११ मार्च
आगीचा सीझन. जंगलात माणसं कमी पडताहेत, आणि साहेब हिलाच नकाशा समजवायला रेस्ट हाऊसवर बोलावतात. पुन्हा पुन्हा. दिव्या म्हणाली, पाठीवरून हात फिरवतात, तुम्ही सांगून पाहा. सांगणारच. सोमवारी. शब्द शोधतोय.

१४ मार्च, सोमवार
साहेब छान मूडमध्ये होते. मूड घालवणं बरं दिसलं नाही. शिवाय माझा सीआर, म्हणजे वर्षाचा गोपनीय अहवाल, तेच लिहितात, आणि मला चंद्रपूरला बदली हवी आहे. नवा प्लॅन: ती आत गेली की मी व्हरांड्यात बसायचं.

१७ मार्च, संध्याकाळ
बसलो. आतून कडी लागली. मी मोठ्यांदा खोकलो. तिचा आवाज आला, साहेब, हात सोडा. मी पुन्हा खोकलो, यावेळी जरा कडक. शेवटी तिनेच कडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि सायकल काढून गेली. खोकल्याचा उपयोग झाला, असं माझं स्पष्ट मत.

१८ मार्च, सकाळ
वायरलेसवर रोलकॉल. सगळी रेंज ऐकत असते. दिव्याने हजेरी दिली आणि कालचं सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "धनराजभाऊ भायेर बसून होते. भाऊ, तुमी आयकलं ना? सांगा आता."
मी बटण दाबलं. आपलं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. दाबूनच राहिलो. भीती वाटली, खोटं का लिहू. मग खोकला आला. खराखुरा.
बटण सोडल्यावर साहेब म्हणाले, वनपालांना काही सांगायचं नाही, पुढचं बीट बोला.
एक बरं झालं. तेवढा वेळ तिला कुणी वेडंवाकडं बोलू शकलं नाही.

२२ मार्च
चौकशी लागली की सगळं सांगायचं, हे पक्कं. चौकशी लागलेली नाही.

२५ मार्च, सकाळ
दिव्या आता मला वनपालसाहेब म्हणते.
रोलकॉलला साहेबांनी तिला संध्याकाळी रेस्ट हाऊसवर बोलावलं, सगळ्यांच्या कानांवर. वर मला म्हणाले, धनराज, तूही ये, व्हरांड्यात बस, म्हणजे बाई एकटी होती असं कुणी म्हणणार नाही.
दिव्या म्हणाली, "मले नाई यायचं, साहेब." साहेब म्हणाले, मग मेमो निघेल. धनराज, येतोस ना?
मी बटण दाबलं. होय साहेब.
आवाज एकदम स्वच्छ गेला.