गिरणीच्या फाटकाशी

लालबाग, शुक्रवार, १९५७. संध्याकाळ.

आज हे आले. दोन वर्षांनी, नागा टेकड्यांतल्या लढाईवरून. आणि घरी न जाता थेट आमच्या गिरणीच्या फाटकाशी, लष्करी गणवेशात!

यांना पाहताच मी फाटकातच थबकले. सासूबाईंच्या औषधाला मनीऑर्डर पुरेना म्हणून मी गेल्या वर्षी गिरणीत लागले, हे कळवलं होतं. त्यावर यांनी कधी चकार शब्द लिहिला नाही. सासूबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "शिपायाची बायल गिरणीत जाता? लोक काय म्हणतले?" यांनाही तसंच वाटत असेल का? वर्षभर हेच टोचत होतं.

यांनी माझ्या हातातला डबा घेतला. परत मागितला, तर देईनात. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या भिंतींजवळून, भर रस्त्यात, गणवेशातला शिपाई बायकोचा रिकामा डबा मिरवत चालला होता. मागे खात्यातल्या बायका हसत होत्या. हसू देत.

चाळीच्या जिन्यात शेजारच्या तात्यांनी विचारलंच, "काय रे, बायको गिरणीत जाते तुझी?"

"होय तात्या. मी तिकडे होतो. माझी आई हिने जगवली."

एवढं बोलता येतं यांना? मग पत्रात का नाही कधी लिहिलं? विचारणार आहे. पण आज नको.

आता सासूबाईंचे पाय चेपत बसलेत. मघाशी मान वर न करताच म्हणाले, "उद्या भोंगा कितीला गं? त्याआधी उठून मी पाणी भरतो."