बोलण्यावरचा फासा

रवि., ५ जाने., मुलुंड
भाच्याच्या, तन्मयच्या, हट्टाखातर त्याच्या कहाणीच्या खेळाला बसले. गोष्ट तो चालवतो, आपण एकेक पात्र; पात्राला काही जमलं की नाही ते फाशाचा आकडा आणि पात्राचे गुण मिळून ठरवतात. पुरात घरं गेलेली माणसं गडाबाहेर उभी, किल्लेदार दार उघडेना. मी उभी राहून बोलले. पोटतिडकीने. तन्मय म्हणतो, "मावशी, झकास! आता फासा टाक."
तीन पडले. दार बंद.
"अरे, बोलले ना मी!"
"तू बोललीस गं. तुझं पात्र पहिलवान आहे. गुण वाटताना त्याला बोलण्यात शून्य तूच दिलंस."
इतक्या सभा जिंकल्या, आणि वीस बाजूंचं प्लास्टिक मला गप्प करणार? दार बंद म्हणून भुयार शोधावं लागलं. तिथे मजा आली. तरीही.

रवि., १२
कांचन, तन्मयच्या ऑफिसातली. अडखळत बोलते. पात्र मात्र शाहिराचं. भुयारातून आत गेलो, समोर तोच किल्लेदार. म्हणाली एवढंच, "शा-शाहीर त्याला आईची आठवण करून देतो." फासा : एकोणीस. पुढचं तन्मयने रंगवलं : किल्लेदार रडला, बाहेरच्यांसाठी दार उघडलं. कांचनचा चेहरा बघण्यासारखा.
मला पटलं नाही. एका वाक्यात?

बुध.
विक्रोळीच्या सभेचे मुद्दे काढायला बसले, निघाले फाशाविरुद्धचे. खऱ्या बोलण्याला नशीब का लागावं?

रवि., १९
ठराव मांडला. बोलण्यावर फासा नको. जो पटवेल त्याचं चालेल. रंगलं भाषण. खेळातला ऋषी ओरडला, "मावशी, निवडणुकीला उभी राहा यार!" सगळे हात वर. कांचनचाही.
मग खेळात राजाचा दरबार. तन्मय : "शाहीर काय म्हणतो?"
"म-महा..." आम्ही सभ्यपणे इकडेतिकडे बघत राहिलो.
"शाहीर गप्प आहे," ती म्हणाली.
निघताना चप्पल घालत : "पुढच्या वेळी मी तिरंदाज घेते. त्याला बो-बोलावं लागत नाही."

शुक्र.
तन्मयला फोन. नियम परत आणू म्हटलं.
"मांड की ठराव. तू बोललीस की हात वर."
कांचनलाही केला. "मा-माझ्यासाठी नको हं, मावशी."
मग कुणासाठी? तिची कीव करतेय का मी? की माझंच...

रवि., २६
सकाळी झेंडावंदन. बोलले : ज्याचा आवाज पोचत नाही त्याच्यासाठी कायदा असतो. टाळ्या. त्या टाळ्यांतच कांचन आठवली, पुढचं वाक्य गेलं.
संध्याकाळी खेळ. ती तिरंदाज घेऊन येईल. मी उभी राहिले तर जिंकणारच, आणि जिंकले तर पुन्हा तेच : बोलणाऱ्याचंच चाललं. न बोलता ठराव कसा मांडतात, मला येत नाही.