मागच्या दाराची पायरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचं पोट आणि तुझा राग, तिन्हींची खबरबात कळव. (पहिल्या दोन्हींची काळजी वाटते, तिसरा ठणठणीत असणार, चार महिन्यांत तुझं एक पत्र नाही.) मी ठीक. ठीक म्हणजे जेवतो.

तू आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस ते खरंच होतं. प्रयोगशाळेत मी लोकांच्या पुलांच्या काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडतो, ‘चालणार नाही’ असा शेरा मारतो, आणि मागच्या दाराची तडकलेली पायरी मात्र सहा वर्षं ‘उद्या करतो’वर ठेवली. आई तिच्यावरूनच घसरली. आता करायला घेतली. (हो, वरातीमागून घोडं.) काँक्रीटमध्ये काथ्या घातला की भेग पडली तरी तंतू दोन्ही बाजू धरून ठेवतात, हे मी साहेबांना दहादा ऐकवलंय. घरी मात्र शहाण्याने काथ्या न धुताच घातला! त्याचा रस उतरला आणि सिमेंट तीन दिवस घट्टच होईना. त्यातून शेजारणीचं मांजर चालत गेलं, आणि मांजराला हाकलायला मागून मी. सगळं उपसलं. दुसऱ्यांदा काथ्या धुतला, चुन्याच्या निवळीत भिजवला, वाळवला आणि घाईने एकदम ओतला, गोळे झाले. तिसऱ्यांदा चिमूट चिमूट भुरभुरवला, आई भाजीत मीठ घालायची तसा, तेव्हा कुठे जमलं. महिन्याने परीक्षा म्हणून तिच्यावर घण घातला. बारीक भेग पडली, पण पायरी सुटली नाही. मग तिथेच बसून मी ढसाढसा रडलो. मदतीला आलेला गवंडी म्हणाला, “साहेब, पायरीवर पाणी मारायचं ते पाइपने.”

तुझा,
धाकटा

ता. क. आईची गादी न्यायला तू टेम्पो पाठवतेयस, असं भावजी म्हणाले. पाठवू नकोस. काथ्या कुठून आणला ते वर लिहायचं राहिलं. (दुकानात मिळतो, ठाऊक आहे. मला तिचाच हवा होता. पहिल्या दोन चुकांतच अर्धी गादी गेली.)

आणखी एक. खोळ धुऊन, घडी करून ठेवलीय. पायरी काही टेम्पोत घालता येणार नाही, तेव्हा तूच ये. भांडायला आलीस तरी चालेल. माझ्याच्याने तिच्यावर एकट्याने बसवत नाही. दोघं मावतील एवढी रुंद केलीय.